घुमट आरती मोबाईलवरून लाईव्ह करताना

आमचा दादा बोटीवर आहे. चवथीला (गणेशचतुर्थीला) गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मूळ घरी सगळी कुटुंबं जमतात, पण त्याला तीन वर्षं सुट्टी मिळालेली नाही. आमची आरती घुमटावर, म्हणजे मातीच्या भांड्याला कातडं लावलेल्या वाद्यावर होते. पहिल्या वर्षी मी आरतीच्या वेळी त्याला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावला. आरत्या संपल्यावर तो म्हणाला, "माणसं दिसली गो, पण घुमट खंय गेलं?"

कारण नंतर कळलं. कॉलवर बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून ॲप बाकीचे आवाज गोंगाट समजून दाबतं. घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं वाद्य) आणि कासाळं (झांजा) त्यात गेली. २०१९ मध्ये गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळालेलं घुमट दादाला ऐकू येऊ नये, हे मला सहन झालं नाही. तेव्हापासून मी कॉल सोडून यूट्यूबवर लाईव्ह करते.

तयारी आठ दिवस आधी सुरू करा. यूट्यूबवर मोबाईलवरून लाईव्ह करायला चॅनलचे ५० सबस्क्रायबर लागतात, फोन नंबर पडताळावा लागतो आणि पहिल्यांदा सोय चालू व्हायला २४ तास लागू शकतात. आमच्या गोतावळ्यात ५० माणसं एका संध्याकाळी झाली. चॅनल मोठ्या माणसाच्या नावाचं असू द्या. जुलै २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना एकट्याने लाईव्ह करता येत नाही. लाईव्ह 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे ज्यांच्याकडे लिंक आहे त्यांनाच दिसेल. घरातल्या लहान मुलांचे चेहरे सगळ्या जगाला दाखवायचं कारण नाही.

आता नेटवर्क. जुन्या घराच्या जाड चिरेबंदी भिंतींतून देवाच्या खोलीत सिग्नल पोचत नाही. आम्ही दोन फोन वापरतो. एक सोप्यावरच्या खिडकीत हॉटस्पॉट चालू करून, दुसरा आत वायफायवर. लोक डाउनलोडचा वेग बघतात, आपल्याला अपलोडचा हवा. ७२०पी चित्राला सेकंदाला तीनेक मेगाबिट लागतात, म्हणून चाचणीत अपलोड त्याच्या दुप्पट दिसला तरच ७२०पी ठेवा, नाहीतर ४८०पी. डेटा ताशी दीड जीबी धरा. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर सकाळपासून त्याला हात लावू नका.

आतला फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त वायफाय चालू करा, वायफाय कॉलिंग बंद असेल तर साधे कॉल येत नाहीत. पण व्हॉट्सॲप कॉल वायफायवरूनही येतो, आणि मुंबईची आत्या "काय दिसत नाय" म्हणून नेमका तेव्हाच लावते. म्हणून 'डू नॉट डिस्टर्ब'सुद्धा लावा.

आवाजावर सगळ्यात जास्त वेळ घाला. अस्पष्ट चित्र लोक चालवून घेतात, फाटलेला आवाज नाही. माझ्या पहिल्या लाईव्हमध्ये फोन घुमटवाल्यांच्या पुढ्यात होता, प्रत्येक थापेला आवाज फाटत होता. आता तो दहा-बारा फूट लांब, गाणाऱ्यांच्या बाजूला आणि कासाळ्यांपासून सगळ्यात दूरच्या कोपऱ्यात असतो. स्टुलावर ठेवू नका, पायाने धरलेला ताल लाकडी फळीतून फोनमध्ये उतरतो. खिडकीची चौकट बरी. हातात धरलात तर खालच्या कडेचं माईकचं भोक तळहाताखाली जातं. डोक्यावरचा पंखा तेवढ्यापुरता बंद करा. कॉलर माईक मला तरी पटला नाही. ज्याच्या सदऱ्याला लावाल त्याचाच गळा ऐकू येतो, आणि घुमट आरती ही सगळ्यांच्या गळ्याची गोष्ट आहे.

चाचणी "हॅलो हॅलो" म्हणून करू नका. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, म्हणून काका आरतीआधी घुमट शेकून घेतो. त्यानंतर सगळ्या वाद्यांवर एक कडवं पूर्ण जोरात वाजवायला सांगा, साध्या कॅमेऱ्यात रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. फाटत असेल तर फोन आणखी मागे न्या.

चित्राचं थोडक्यात. फोन आडवा करूनच लाईव्ह सुरू करा, मध्येच फिरवला तर चित्र आडवं पडतं. माटोळीमागची (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीमागची) रंगीत दिव्यांची माळ लुकलुकली की कॅमेऱ्याचा उजेड सारखा वरखाली होतो. आम्ही तेवढा वेळ ती माळ बंद ठेवतो आणि फोनच्या मागची ट्यूब लावतो. वीज जाईल हे धरूनच दोन्ही फोन पूर्ण चार्ज ठेवा.

बघणाऱ्यांपर्यंत सगळं काही सेकंद उशिरा पोचतं. दादाने 'आता देवीची म्हणा' असं लिहिलं तोवर इथे पुढची आरती सुरू झालेली असते. त्याची फर्माईश मी आधीच विचारून घेते.

संपल्यावर लगेच ॲप बंद करू नका. कमी सबस्क्रायबर असतील तर यूट्यूब रेकॉर्डिंग 'प्रायव्हेट' करून ठेवू शकतं, ते परत 'अनलिस्टेड' करावं लागतं. फेसबुकवर केलंत तर ३० दिवसांत उतरवून घ्या, नंतर ते तिथून काढून टाकलं जातं. मी त्याच रात्री फाईल पेन ड्राइव्हवर घेते. बोटीवर इंटरनेट कधी मिळेल याचा नेम नसतो, म्हणून दादासाठी नुसत्या आवाजाची छोटी फाईल वेगळी पाठवते.