‘तीस सेकंदांचंच तर गाणं आहे!’ डान्स क्लासवाल्यांनो, या चुका टाळा

गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाची तारीख मिळाली की क्लासवाल्यांचा हिशेब सुरू होतो: भाडं, ड्रेपरी, लाइट, मेकअप. गाण्यांचा रकाना त्यात नसतोच. गाणी पेनड्राइव्हवर आहेत, म्हणजे आपलीच!

‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ हे आधी डोक्यातून काढा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांचा असा कुठलाही नियम नाही. रीलखाली ‘क्रेडिट मूळ कलाकारांना’ लिहिलं की परवानगी मिळाली, असंही होत नाही.

दुसरी चूक म्हणजे एका गाण्याला एकच मालक समजणं. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. ओळखीच्या गायकाकडून तेच गाणं गाऊन घेतलंत तर मूळ ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटला. शब्द आणि चालीचा तसाच राहिला. कॅरिओकेचंही तेच.

आता कोळीगीतं. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण कार्यक्रमपत्रिकेत सर्रास ‘पारंपरिक’ छापलं जातं. ‘मी डोलकर’ घ्या. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचं. शांताबाई २००२ साली गेल्या. कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे ते शब्द २०६२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. वल्हं आणि दर्या आला म्हणून गाणं लोकगीत होत नाही.

खरी परंपरा तर दाराशी आहे. आगरी-कोळी लग्नात धवलारीण (लग्न लावणारी बाई) धवले, म्हणजे लग्नगाणी, गाते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या त्या शब्दांवर कायद्याने कुणा एकाची मालकी सहसा निघत नाही. पण नवी मुंबईतल्या दिवाळे किंवा सारसोळे गावातल्या एखाद्या आजीचा आवाज मोबाइलवर घेऊन त्यावर बीट चढवलात, तर तो तिचा प्रयोग आहे. कलाकार म्हणून तिचा हक्क ५० वर्षं राहतो आणि रेकॉर्डिंगला तिची संमती लागते. लेखी घ्या, तिचं आणि गावाचं नाव द्या, मानधन द्या. कायदा गप्प आहे तिथेही लाज असावी, असं माझं मत. नेरुळमध्ये क्लास चालवायचा आणि कोळी नाच म्हणून तोकडं लुगडं नि वल्हं मारायची एकच स्टेप दाखवायची, हा निव्वळ आळस आहे. करावे गाव जवळच आहे. लुगडं कसं नेसतात ते तिथल्या बाया हसत हसत शिकवतील.

स्टेप्स कुणाच्या? सुटी स्टेप कुणाचीच नाही, भरतनाट्यममधले अडवू (मूळ पदन्यास)ही नाहीत. अख्खी बसवलेली रचना मात्र नाट्यकृती म्हणून संरक्षित होते, ती लिहून किंवा अन्य रीतीने नोंदलेली असेल तर. म्हणून नुसत्या व्हिडिओवर विसंबू नका. काउंट, जागा, हालचाली वहीत उतरवा, तारीख घाला. शिकवणारी ताई क्लास सोडून समोरच्या गल्लीत स्वतःचा काढते तेव्हा भांडण इथेच पेटतं. ती पगारी नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून बसवलेली रचना, वेगळा करार नसेल तर, क्लासच्या मालकाची ठरते. हे रुजू होतानाच कागदावर आणा.

तिकीट लावताय? शाळेच्या स्नेहसंमेलनाला सवलत आहे, पण विद्यार्थी-शिक्षकांनीच सादर केलेलं आणि प्रेक्षकांत फक्त शाळेची मंडळी नि पालक असतील तर. हौशी मंडळालाही आहे, प्रेक्षकांकडून पैसे घेतले नाहीत तर. तिकीटवाल्या कार्यक्रमाला शब्द-चालीसाठी आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रणासाठी पीपीएलसारख्या संस्था किंवा थेट कंपनी, असे दोन्ही परवाने बघावे लागतात. नाट्यगृहाच्या भाड्यात ते धरलेले असतात असं गृहीत धरू नका.

यूट्यूबवर ‘क्लेम’ (गाणं आपलं असल्याचा हक्कदाराचा दावा) आला की घाबरून चॅनेल उडवू नका. क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात किंवा व्हिडिओ अडतो. ‘स्ट्राइक’ (हक्कदाराच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढल्यावर बसणारा ठपका) वेगळा: ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. परवाना हातात असेल तरच क्लेमवर हरकत नोंदवा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. परवाना नसेल तर यूट्यूब स्टुडिओत गाणं बदलता येतं, पण मग पोरी भलत्याच तालावर नाचताना दिसतात. त्यापेक्षा तेवढा तुकडा कापलेला बरा.