कोणी भोवळ येऊन पडलं तर काय करायचं, काय बघायचं आणि डॉक्टरांना काय सांगायचं

लग्नाचा हॉल असो, शाळेची प्रार्थना असो नाहीतर भर उन्हातली मिरवणूक, कोणीतरी धाडकन पडतं आणि लगेच दहा जण जमा होतात, कोणी कांदा फोडतं, कोणी चप्पल हुंगवतं, दोघं जण काखेत हात घालून त्याला खुर्चीत बसवायला बघतात. हे बसवणं आधी थांबवा. भोवळीत मेंदूला थोडा वेळ रक्त कमी पडतं, माणूस आडवा झाला की ते परत पोचतं, आणि आपण त्याला ताठ धरून ठेवलं की तेच अडतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे उताणं झोपवा, पाय फूटभर उचलून धरा, कॉलर-पट्टा सैल करा, गर्दी मागे सारा. श्वास चालू आहे का बघा. चालू नसेल किंवा नुसते आचके देत असेल तर 108 ला फोन आणि लगेच छाती दाबायला म्हणजे सीपीआरला सुरुवात, वाट बघायची नाही. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी, साखर, काहीच नाही, ते श्वासनलिकेत जातं. डायबेटिस असेल तर शुगर मात्र लगेच तपासा.

मग घड्याळ बघा. साधी भोवळ असेल तर माणूस बहुतेक वेळा मिनिटाच्या आतच डोळे उघडतो आणि समोरच्याला ओळखतो. हातपाय झटकले म्हणून लगेच फिट आली म्हणू नका, साध्या भोवळीतही काही सेकंद झटके येतात. फिटमध्ये ते जास्त वेळ चालतात, जिभेची कड चावली जाते आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला असतो, आपण कुठे आहोत ते कळत नाही. कपड्यात लघवी दोन्हीत होऊ शकते त्यामुळे तेवढ्यावरून काही ठरत नाही. बाकीचे मदतीला असतील तर एकाने मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा, डॉक्टरांना त्याचा खरंच उपयोग होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दवाखान्यात जाताना ज्याने पडताना बघितलं त्याला सोबत न्या, निदान फोनवर तरी जोडून द्या. भोवळीचं निदान मशीनपेक्षा विचारपूस करूनच जास्त होतं आणि पडलेल्याला स्वतःला काही आठवत नसतं. त्या वेळी काय चाललं होतं, बराच वेळ उभे होते का, रक्त किंवा इंजेक्शन बघितलं का, रात्री लघवीला उठले होते का, खोकल्याची उबळ आली होती का? आधी मळमळ, घाम, डोळ्यापुढे अंधारी असं काही झालं की काहीच कळलं नाही आणि एकदम पडले? खोली गरगर फिरल्यासारखी वाटली पण शुद्ध गेली नाही, तर तो प्रकार वेगळा, तेही स्पष्ट सांगा. काळी शौच, पाळीत जास्त रक्त जाणं, दिवस राहिल्याची शक्यता आणि पोटात दुखणं, हे लाजून लपवू नका, आतल्या आत रक्तस्राव होत असेल तर जिवावर बेततं. आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी उचलून न्या, बीपीच्या, लघवी होण्याच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या, कारण वयस्कर माणसांत कित्येकदा दोष गोळ्यांचाच निघतो.

तपासणीत दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत. एक, उभं करून बीपी. पाच मिनिटं झोपवून एकदा घ्यायचं, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला परत. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर उभं राहिल्यावर बीपी पडतंय. समजा आजोबांचं झोपून 140/84 आहे आणि उभं राहिल्यावर 112/70, तर नुसतं बसवून बीपी घेतलं असतं तर हे कळलंच नसतं. घाईत हे राहून जातं, तेव्हा नम्रपणे विचारा, "डॉक्टर, उभं करून एकदा बघता का?" दुसरं म्हणजे ईसीजी, अगदी विशीतल्या पोराचाही.

कारण भीती हृदयाची असते. धावताना, व्यायाम करताना शुद्ध गेली, झोपलेल्या अवस्थेत गेली, आधी छातीत धडधडलं किंवा दुखलं, हृदयाचा जुना आजार आहे, किंवा घरात कोणी तरुणपणीच अचानक गेलंय, यातलं एक जरी असलं तरी "उपवास होता, ऊन होतं" म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), हॉल्टर (अंगावर लावून ठेवायचं, हृदयाच्या ठोक्यांची सतत नोंद घेणारं छोटं यंत्र) वगैरे होईल. हॉल्टर साधारण 24 तासांचाच असतो, त्या वेळात त्रास झाला नाही तर रिपोर्ट नॉर्मल येतो, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

उलट, साध्या भोवळीत डोक्याला मार नाही, हातपाय लुळे नाहीत, बोलणं अडखळत नाही, तर मेंदूच्या सीटी स्कॅनमधून सहसा काही निघत नाही, आणि लोक इकडे हजारो रुपये घालवतात पण ईसीजी राहून जातो याचं फार वाईट वाटतं.

कारण साधं निघालं तर उपायही साधेच, पाणी भरपूर प्या, उपाशी उभं राहू नका, अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर काठावर बसा. अंधारी यायला लागली की लगेच खाली बसा नाहीतर आडवे व्हा, तेही जमत नसेल तर पायाची अढी घालून मांड्या आवळा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढा, बीपी थोडं वर येतं आणि बसायला वेळ मिळतो. मीठ वाढवायचं ते मात्र डॉक्टरांना विचारूनच, आणि कारण सापडेपर्यंत बाईकची चावी घरच्यांकडे देऊन ठेवा.