दोन प्रादेशिक विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढायचा?

आधी विमानतळांचे कोड पक्के करा. एकाच नावाची शहरं जगात पुष्कळ आहेत. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे, तशी कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियातही आहे. पहिलीचा कोड एसवायडी, दुसरीचा वायक्यूवाय. लहान विमानतळांची नावं फारशी कानावरून गेलेली नसतात, त्यामुळे तिथे नुसत्या नावावर विसंबू नका.

कोड टाकून शोधलं की अक्षांश-रेखांश मिळतात. ते अंश-मिनिटांत असतील तर दशांशात आणा. २० अंश ३० मिनिटं म्हणजे २०.५, ते २०.३० धरलंत तर उत्तर २० किलोमीटरहून जास्त चुकू शकतं.

आता अंतर. नकाशाच्या ॲपमध्ये मोजपट्टीची सोय असते, दोन बिंदू दाखवले की काम झालं. पण एकदा कागदावर करून बघाच, आकडा कुठून येतो ते कळतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल, आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. रेखांश मात्र ध्रुवांकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून त्यांच्या फरकाला सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं.

समजा, एक विमानतळ २० अंश उत्तरेला, दुसरा २३ अंशांवर, आणि रेखांशांतला फरक ४ अंश. उत्तर-दक्षिण अंतर ३ × ६० = १८० मैल. पूर्व-पश्चिम ४ × ६० × ०.९३ (सरासरी अक्षांश २१.५, त्याचा कोसाइन), म्हणजे सुमारे २२३. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की २८७ नॉटिकल मैल, साधारण ५३१ किलोमीटर. हजारेक किलोमीटरच्या पुढे ही सपाट रीत सोडा आणि पृथ्वीचा गोलपणा धरणारं हॅव्हरसाइन सूत्र वापरा.

वेळेच्या हिशेबात बहुतेक जण अंतराला वेगाने भागून मोकळे होतात. तेवढ्याने भागत नाही. एटीआर ७२ सारखं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांवर चालणारं विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटरने जातं, म्हणजे वरच्या अंतराला ६४ मिनिटं. जेट ८०० ने गेलं तर ४०. पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरण्यासाठी वळसा घेणं यांत आणखी २० ते ३० मिनिटं जातात. पल्ला जितका लहान, तितका या मिनिटांचा वाटा मोठा. म्हणून जवळच्या मार्गावर जेट मिळालं तरी वाचतो तो वेळ २०-२५ मिनिटांचाच. मी तरी एवढ्यासाठी जास्त पैसे मोजणार नाही.

वारा धरायला विसरू नका. समोरून ताशी ६० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग ४४० वर येतो आणि ६४ मिनिटांची ७२ होतात. पाठीमागून असेल तर ५७ मिनिटांत काम होतं. जाण्या-येण्याच्या वेळा वेगळ्या छापलेल्या दिसतात त्याचं हे एक मोठं कारण.

प्रादेशिक विमानतळांमध्ये थेट विमान नसणं नेहमीचंच. मग मधल्या मोठ्या विमानतळापर्यंतचा आणि तिथून पुढचा, असे दोन्ही टप्पे वेगवेगळे काढा, मधला थांबा जोडा. घरापासून विमानतळ, तपासणी, सामानाची वाट पाहणं हेही धरा आणि मगच रेल्वे किंवा रस्त्याशी तुलना करा. तीन-चारशे किलोमीटरला अनेकदा रस्ता बरोबरीत येतो.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. मधे कालविभाग बदलत असेल तर दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणा, मग वजाबाकी करा.