झोप लागत नाही? काशाच्या वाटीने तळपायांची मालिश अशी करा

रात्री दोन वाजता आईच्या खोलीतला दिवा लागलेला दिसला की माझ्या पोटात कालवायचं. बाबा गेल्यापासून तिची झोपच उडाली होती आणि झोपेच्या गोळीचं नाव काढलं तरी ती घाबरायची. शेवटी फडताळातली आजीची काशाची वाटी बाहेर काढली.

आठवड्यातून निदान 3 रात्री झोपेचं खोबरं होत असेल आणि 3 महिने हेच चालू असेल, तर तो जुनाट निद्रानाश. मालिशीच्या आधी एकदा डॉक्टरांना भेटाच. मोठ्याने घोरणं, श्वास अडकून दचकून उठणं, पायांत वळवळ होणं, सतत मन उदास असणं, यांची कारणं वेगळी असतात आणि त्यांवरचे उपचारही वेगळे. चालू असलेली झोपेची गोळी मनाने बंद करू नका.

वाटी खऱ्या काशाची, म्हणजे तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूची हवी. बोटाने वाजवली की ती घंटेसारखा लांबलेला नाद देते. जपून वापरा, कासं ठिसूळ असतं, पडलं की तडकतं. वाटी नसली तरी अडत नाही, हाताचे अंगठे पुरतात. मालिशीला साजूक तूप घ्या, ते नसेल तर खोबरेल किंवा तिळाचं तेल. टाचांना भेगा असतील तर कोकणातलं कोकमाचं तेल उत्तम.

वेळ रोज एकच ठेवा, अंथरुणावर पडण्याआधी अर्धा तास. मोबाइल दुसऱ्या खोलीत, दिवा मंद. पाय कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा. मांडीवर जुना टॉवेल घ्या आणि त्यावर समोरच्याचा पाय.

अर्धा चमचा तूप तळपायाला चोळा. आधी दोन्ही अंगठ्यांनी टाचेपासून बोटांकडे सावकाश दाबत जा. मग वाटीचा बुडाकडचा गोल भाग तळव्यावर टेकवून गोल गोल फिरवा. टाचेवर जरा जोर, मधल्या खोलगट भागात हलका हात. एका पायाला 7-8 मिनिटं पुरे. घाई नको. "दुखतंय का गं?" एवढं विचारा, बाकी गप्पा नकोत. आईचा पाय सुरुवातीला लाकडासारखा ताठ असायचा. चार-पाच मिनिटांनी बोटं आपोआप सैल पडायची आणि पायाचं सगळं वजन माझ्या मांडीवर यायचं. मला ती खूण वाटायची. एकट्याने करायचं असेल तर खुर्चीत बसून एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या.

वाटी फिरते तसा तळपाय काळा पडतो. अंगातली उष्णता बाहेर आली, असं आपल्याकडे म्हणतात. खरं तर तो काळेपणा तूप, घाम आणि धातू यांच्या घर्षणातून येतो. पण पाय उबदार होण्याचा झोपेशी संबंध आहे. पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी 1999 मध्ये हे दाखवलं. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने आपल्या अष्टांगहृदय या ग्रंथात अभ्यंगाच्या, म्हणजे तेलाच्या मालिशीच्या, फायद्यांत झोप मोजली आहेच, शिवाय डोकं, कान आणि पाय यांना विशेष अभ्यंग करायला सांगितलं आहे.

मालिश झाली की तूप नीट पुसा आणि पायांत सुती मोजे घाला, पण रात्री उठताना ते काढा. तुपाच्या पायाने किंवा मोज्यांवर फरशीवर म्हातारं माणूस घसरलं तर भलतंच व्हायचं.

पायावर जखम, फुगलेल्या शिरा किंवा एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर मालिश करू नका. अशी सूज रक्ताच्या गुठळीची असू शकते, तेव्हा लगेच डॉक्टर गाठा. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर डॉक्टरांना विचारूनच करा, पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याने पाहावं, आणि वाटी टाळून फक्त हात फिरवा.

मालिशीवर सगळा भार टाकू नका. जुनाट निद्रानाशावर पहिली पसंती आज वर्तनोपचाराला, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याच्या उपचाराला आहे, मालिश त्याच्या जोडीला. सकाळी रोज एकाच वेळी उठा. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर अंथरूण सोडून बाहेर बसा आणि डोळे जड झाले की परत या. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा.

निदान 3 आठवडे करा आणि रोज सकाळी वहीत अंदाजे किती झोप झाली ते लिहा. पहिल्या आठवड्यात आईच्या वहीत काहीच फरक नव्हता. तिसऱ्या आठवड्यात दोन वाजताचा दिवा दोनदाच लागला.