रिस्टोअर अडला की आधी नेटवर्क माउंट तपासा

डेटाबेसचा रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत भरणे, अयशस्वी झाला की पहिला संशय बॅकअपच्या फाइलवर जातो आणि ती खराब झाली असावी, असे धरून आदल्या दिवसाचा बॅकअप शोधण्याची धावपळ सुरू होते. बॅकअप नेटवर्क शेअरवर, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या सामायिक फोल्डरमध्ये असेल, तर ही घाई करू नये. अशा वेळी फाइल पुष्कळदा शाबूत असते. ती वाचण्याचा मार्ग तेवढा बिघडलेला असतो.

शेअर खरोखर माउंट झालेला, म्हणजे सर्व्हरवरच्या एखाद्या फोल्डरच्या जागी जोडलेला आहे का, हे प्रथम पाहावे. फोल्डर दिसते, एवढ्यावर विसंबू नये, कारण माउंट निघून गेले तरी त्या जागी लोकल डिस्कवरचे रिकामे फोल्डर शिल्लक राहतेच. ‘फाइंडमाउंट’ (findmnt) कमांडला तो पाथ द्यावा. काहीच उत्तर आले नाही, तर तेथे माउंट नाही. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावरच हे घडत असेल, तर डेटाबेसची सेवा शेअरच्या आधी सुरू होत आहे का ते तपासावे आणि लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ (RequiresMountsFor) ही अट घालावी.

त्यानंतरची तपासणी रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून न करता, डेटाबेस ज्या अकाउंटखाली चालतो त्याच अकाउंटने करावी. एनएफएस या लिनक्समधील फाइल-शेअरिंग पद्धतीच्या नेहमीच्या मांडणीत परवानगी नावावर नव्हे, तर यूआयडीच्या, म्हणजे वापरकर्त्याच्या क्रमांकाच्या आकड्यावर ठरते. रेड हॅट लिनक्सवर पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसच्या ‘पोस्टग्रेस’ वापरकर्त्याचा यूआयडी २६ असतो, डेबियनवर तो वेगळा असू शकतो. त्यामुळे एकीकडे घेतलेली आणि फक्त मालकालाच वाचता येणारी फाइल दुसरीकडे त्याच नावाच्या वापरकर्त्यालाही उघडता येत नाही. ‘एलएस’ला ‘एल’ आणि ‘एन’ हे पर्याय दिले की नावांऐवजी आकडे दिसतात आणि तफावत लगेच लक्षात येते. रूटनेही फाइल उघडत नसेल, तर त्याचे कारण बहुधा ‘रूट स्क्वॉश’ असते, म्हणजे एनएफएस सर्व्हर बाहेरच्या रूटला सामान्य वापरकर्ता मानतो. विंडोजवर एसक्यूएल सर्व्हर एरर ३ किंवा ५ देत असेल, तर स्वतःच्या लॉगिनमध्ये जोडलेले ड्राइव्हचे अक्षर सेवेच्या अकाउंटला दिसत नाही हे ध्यानात घेऊन पूर्ण यूएनसी पाथ (\\सर्व्हर\शेअर असा) द्यावा आणि त्या अकाउंटला शेअरवर वाचनाची परवानगी द्यावी.

रिस्टोअर सुरू होऊन मध्येच तुटत असेल, तर माउंटचे पर्याय पाहावेत. ‘सॉफ्ट’ माउंटमध्ये स्टोरेजने ठरावीक वेळेत उत्तर दिले नाही, तर डेटाबेसला थेट इनपुट-आउटपुट एरर मिळते. ‘हार्ड’मध्ये तो थांबून राहतो, आणि रिस्टोअरसाठी हेच योग्य आहे. उत्तराची वाट किती वेळ पाहायची हे ठरवणाऱ्या ‘टाइमओ’ (timeo) या पर्यायाचा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे ६०० लिहिले की ६० सेकंद. फाइलींची यादी दिसते, पण मोठी फाइल वाचताना सगळे गोठते, असे असल्यास एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) जुळत नसण्याची शक्यता मोठी आहे. ९००० एमटीयू असेल, तर तुकडे न करण्याची अट घालून ८९७२ बाइटचा पिंग पाठवावा; तो पोहोचला नाही, तर वाटेतला एखादा स्विच किंवा नेटवर्क कार्ड कमी एमटीयूवर आहे.

सर्वांत जास्त काळजी मात्र पोस्टग्रेएसक्यूएलच्या पॉइंट-इन-टाइम रिकव्हरीत (डेटाबेस ठरावीक क्षणापर्यंत परत आणताना) घ्यावी, कारण तेथे अपयश यशासारखे दिसू शकते. आर्काइव्हमधून फाइली आणणाऱ्या ‘रिस्टोअर कमांड’ला वॉल फाइल (बदलांची नोंद असलेली फाइल) मिळाली नाही आणि तिने शून्येतर एक्झिट कोड दिला, की आर्काइव्ह संपले असे सर्व्हर समजतो. शेअर मधेच निघाला तरी फाइल कॉपी करणारी साधी ‘सीपी’ कमांड नेमके हेच उत्तर देते, आणि रिकव्हरीचे लक्ष्य दिलेले नसेल तर डेटाबेस शेवटचे व्यवहार गमावून खुला होतो. लक्ष्य दिले असेल, तर आवृत्ती १३ पासून सर्व्हर एरर देऊन थांबतो. त्यामुळे लक्ष्य ठरलेले असल्यास ते आवर्जून लिहावे. शिवाय ‘रिस्टोअर कमांड’ एका छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवून, कॉपी करण्यापूर्वी ‘माउंटपॉइंट’ने शेअर तपासावा आणि तो नसेल तर १२६ हा कोड परत करावा, कारण १२५ हून मोठा कोड मिळाला की पोस्टग्रेएसक्यूएल रिकव्हरी तेथेच थांबवते. माउंट दुरुस्त झाल्यावर अर्धवट भरलेली डेटा डिरेक्टरी रिकामी करावी, डेटाबेसच्याच अकाउंटने शेअरवरील बॅकअपचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून बॅकअप घेतेवेळी नोंदलेल्या चेकसमशी ताडावा, आणि मगच रिस्टोअर पुन्हा सुरू करावा.