बाहेरचा भाग बसवला आणि सेन्सर बिघडला : वॉरंटीच्या वादात या चुका टाळा

गाडीला बाहेरून घेतलेला एअर फिल्टर, एक्झॉस्ट, अलॉय चाके किंवा जादा दिवे बसवल्यानंतर एखादा सेन्सर बिघडला, की सर्व्हिस सेंटरमध्ये पहिले उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘बाहेरचे काम केले आहे, वॉरंटी गेली.’ हे उत्तर अर्धवट आहे. एक भाग बदलल्याने साऱ्या गाडीची वॉरंटी संपते असे सहसा नसते; त्या बदलामुळे ज्या भागाचे नुकसान झाले, तेवढ्यापुरती जबाबदारी कंपनी नाकारू शकते. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, अमुकच ब्रँडचे भाग वापरले तरच वॉरंटी मिळेल अशी अट कंपनीला सर्वसाधारणपणे घालता येत नाही. इतरत्र नियम आणि वॉरंटीची भाषा निराळी असू शकते, म्हणून पुस्तिकेतील अपवादांचे पान आधी वाचावे. मात्र वाद कुठेही झाला तरी तो एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो : या भागामुळे हा सेन्सर बिघडला का? माझ्या मते पुष्कळ गाडीमालकांची बाजू लंगडी पडते, ती या प्रश्नाचे उत्तर देणारा पुरावा त्यांनीच नकळत नष्ट केलेला असल्यामुळे.

दिवा लागताच कोड पुसणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. चेक इंजिनचा दिवा लागतो तेव्हा इंजिनचा संगणक फॉल्ट कोडसोबत, म्हणजे बिघाडाच्या संकेतांकासोबत, त्या क्षणाची स्थितीही साठवतो : इंजिनचे फेरे, गाडीचा वेग, कूलंटचे तापमान, इंजिनवरचा भार आणि इंधनाच्या प्रमाणात केलेली दुरुस्ती. या नोंदीला फ्रीझ फ्रेम म्हणतात. बिघाड थंड इंजिनवर झाला की भर वेगात, हे तीच सांगते. हाताशी असलेल्या स्कॅनरने, म्हणजे कोड वाचणाऱ्या उपकरणाने, कोड पुसला की ही नोंदही जाते, आणि गाडीच्या स्वयंचाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात. शिवाय कोड पुसल्यापासून गाडी किती अंतर चालली हे सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर सहसा दिसते, त्यामुळे काहीतरी लपवल्याचा संशय विनाकारण ओढवतो. कोड वाचायला हरकत नाही, पण पुसू नये. स्कॅनरच्या पडद्याचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे छायाचित्र त्याच वेळी काढून ठेवावे.

कोडलाच निदान समजणे

ही चूक दोन्ही बाजूंकडून होते. पी०१७१ या कोडचा अर्थ इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे, एवढाच. कॉटनच्या तेल लावलेल्या फिल्टरनंतर हा कोड आला, तर हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरवर संशय जाणे साहजिक आहे. या सेन्सरमध्ये एक अतिशय बारीक तार किंवा पातळ पापुद्रा तापवून ठेवलेला असतो; वाहती हवा तो थंड करते आणि त्याला तापलेला ठेवण्यासाठी किती वीज लागते यावरून हवेचे माप निघते. फिल्टरला तेल जास्त झाले तर त्याचा अंश तारेवर बसतो, त्यावर धूळ चिकटते, आणि भार वाढतो तेव्हा हवा आहे त्यापेक्षा कमी मोजली जाऊ शकते. असे घडले असेल तर सर्व्हिस सेंटरचे म्हणणे खरे आहे आणि ते मान्य करावे. परंतु हाच कोड व्हॅक्यूमची नळी तडकल्याने किंवा इंधनाचा पंप क्षीण झाल्यानेही येतो. म्हणून तारेवर चिकटा दिसला का, त्याचे छायाचित्र आहे का, सेन्सर स्वच्छ केल्यावर इंधनाच्या दुरुस्तीचे आकडे बदलले का, हे विचारावे. ऑक्सिजन सेन्सरच्या बाबतीतही असाच डोळ्यांना दिसणारा पुरावा सापडू शकतो : इंजिनच्या कामात चुकीचे सिलिकॉन सीलंट वापरले गेले, तर त्याच्या टोकावर पांढरट थर साचतो.

वायरिंग कापून जोडणी करणे

याबाबत मी गाडीमालकाची बाजू घेणार नाही. अनेक सेन्सरना ५ व्होल्टचा पुरवठा एकाच सामाईक तारेतून होतो. हॉर्न, दिवे किंवा कॅमेरा बसवताना मूळ तार सोलून किंवा चिमटा मारून जोड दिला आणि तिथे ओल शिरली, तर एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार सेन्सर एकाच वेळी बिघडल्यासारखे दिसतात. अशा वेळी नवा सेन्सर घेण्यापूर्वी पुरवठा मोजावा, आणि तो कमी भरला तर एकेक प्लग काढत पुन्हा मोजावा. जोडणी करायचीच असेल, तर तयार कप्लर आणि स्वतंत्र फ्यूज असलेला वायरिंग हार्नेस वापरावा, म्हणजे मूळ तारेला हात लावावा लागत नाही.

दिसायला सारखा भाग तसाच चालेल असे मानणेही धोक्याचे आहे. चाकाच्या काही बेअरिंगच्या एकाच बाजूला चुंबकीय पट्टी असते. बेअरिंग उलटे बसले तर एबीएसचा (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर धडधाकट असूनही त्याला चाकाचा वेग कळत नाही. टायरमधील हवेचा दाब सांगणारे सेन्सर ३१५ आणि ४३३ मेगाहर्ट्झ अशा निरनिराळ्या लहरींवर चालतात. पुढची काच बदलल्यावर तिच्यामागच्या कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नेमकी जुळणी, बहुतेक गाड्यांत करावेच लागते.

तपासणीपूर्वी भाग काढून टाकणे

भाग उतरवून मूळ भाग बसवायचा आणि मग गाडी न्यायची, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. बोल्टवरच्या खुणा आणि सोललेल्या तारा लपत नाहीत, आणि एकदा विश्वास उडाला की तुमच्या खऱ्या मुद्द्याकडेही कोणी लक्ष देत नाही. भाग जागेवर ठेवून त्याची माहिती आपणहून द्यावी, आणि मूळ भाग जपून ठेवला असेल तर तो तात्पुरता बसवून त्याच परिस्थितीत पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करावी. दोष तरीही कायम राहिला, तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम होते.

तोंडी नकारावर परत फिरणे

नकार लेखी मागावा. त्यात कोणता कोड आला, कोणती चाचणी केली, आकडे काय मिळाले आणि कोणत्या भागाने सेन्सरचे नुकसान नेमके कसे केले, हे असले पाहिजे. जॉबकार्डवर कारण आधीच ‘बाहेरचे फिटिंग’ असे लिहिले असेल, तर सही करण्यापूर्वी तिथे ‘तक्रार : चेक इंजिनचा दिवा, कारण तपासायचे आहे’ असे लिहून घ्यावे. तपासणीचे शुल्क कोण भरणार, तेही आधी ठरवावे. काढलेला सेन्सर टाकून न देता परत मागावा, कारण दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवण्यासारखी तीच एक वस्तू उरते.

आणि तपासणीत बाहेरचा भागच दोषी ठरला, तरी वाट पूर्ण बंद होत नाही. सदोष भागाची जबाबदारी त्याच्या उत्पादकाकडे आणि चुकीच्या जोडणीची ती करणाऱ्याकडे मागता येते. त्यांच्याकडे जाताना खरेदीची पावती, जोडणीचे बिल आणि सर्व्हिस सेंटरचा तोच लेखी नकार सोबत न्यावा.