बीएस-६ ट्रकचं डिझेल इंजिन: पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (भारत स्टेज ६, गाड्यांच्या धुराचे नियम) लागू झालं आणि डीलरच्या वर्कशॉपमधलं काम पालटलं. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं. बऱ्याच गाड्यांत साध्या सायलेन्सरच्या जागी डीओसी (धुरातले वायू जाळणारा कॅटॅलिस्ट), डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) आणि एससीआर (युरियाच्या द्रावणाने धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, कमी करणारी यंत्रणा) आले. जी गाडी पूर्वी कानाने आणि हाताने कळायची, ती आता सेन्सरच्या आकड्यांतून बोलते. मिस्त्रीच्या हातात दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर आला हे चांगलंच झालं, पण त्याच्याबरोबर एक वाईट सवयही आली. कोड बघायचा, कोडमध्ये ज्या पार्टचं नाव आहे तो मागवायचा, बसवायचा आणि कोड डिलीट करून गाडी द्यायची. तिसऱ्या दिवशी तीच गाडी त्याच तक्रारीसह परत येते. तोवर मालकाची ट्रिप गेलेली असते, आणि गाडी उभी आहे म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही.

कोड ही ईसीयूची, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची तक्रार असते. "रेल प्रेशर हवं तेवढं नाही" एवढंच ती सांगते (रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी जास्त दाबाची सामायिक नळी). ते का नाही, हे गेज, मल्टिमीटर आणि डोळे वापरून आपल्याला शोधावं लागतं. मोजल्याशिवाय पार्ट काढला की चोर सोडून संन्याशाला फाशी होते. खाली ज्या चुका सांगतोय, त्या जवळपास सगळ्या तिथूनच सुरू होतात.

ड्रायव्हरशी न बोलता केबिन उचलणं

जॉब कार्डवर अ‍ॅडव्हायझरने "पिकअप नाही" एवढंच लिहिलेलं असतं. त्यावर काम सुरू करू नका. ड्रायव्हर बाहेर चहा पीत बसलेला असतो, त्याच्याकडे जा. "दादा, सपाटीला बरी चालते का? फक्त कसारा चढतानाच मरते? गाडी लोड होती का? युरिया कुठे भरला होता? मधे कुठे डिझेलचं काम केलंय का?" पाच मिनिटांत निम्मा तपास होतो. सपाटीला बरी आणि चढावर मरते म्हटलं की डिझेलचा पुरवठा किंवा हवेची गळती आधी डोळ्यांसमोर येते. ठरावीक वेगाच्या वर जातच नाही म्हटलं, तर डीईएफच्या (एससीआरला लागणारं युरियाचं द्रावण) तक्रारीमुळे ईसीयूने टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, कापलाय का ते सगळ्यात आधी बघायचं. टॉर्क कापलेल्या गाडीचे इंजेक्टर बदलले तरी ती एक इंचही जास्त ओढणार नाही.

दुसरं म्हणजे कोड आधी डिलीट करू नका. कोडसोबत फ्रीज फ्रेम असते. त्यात कोड आला तेव्हाचे आरपीएम, लोड, कुलंटचं तापमान आणि रेल प्रेशर नोंदलेलं असतं. कोड पुसला की ही नोंदही पुसली जाते, आणि मग तपास पुन्हा पहिल्यापासून.

रेल प्रेशर कमी म्हणजे पंप गेला, हे गृहीत धरणं

डीलर वर्कशॉपमध्ये सगळ्यात महाग पडणारी चूक बहुधा हीच. हाय प्रेशर पंप महाग, वॉरंटीत असेल तर क्लेम नाकारला जाण्याची भीती, वॉरंटी संपली असेल तर मालकाच्या खिशाला भोक. आणि बऱ्याचदा पंप ठणठणीत असतो.

क्रम असा ठेवा. इंजिन बंद, चावी ऑन. थोडा वेळ उभ्या असलेल्या गाडीत स्कॅनरवर रेल प्रेशर शून्याच्या आसपास दिसलं पाहिजे. बहुतेक सेन्सरना ५ व्होल्टचा पुरवठा असतो आणि दाब नसताना सिग्नलच्या तारेवर साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. बंद इंजिनात स्कॅनर ७०-८० बार दाखवत असेल तर आधी सेन्सर आणि त्याची वायरिंग बघा, पंपाचा विषयच नको.

मग सेल्फ मारा. इंजेक्शन सुरू व्हायला बहुतेक सिस्टिमना साधारण २०० बारच्या आसपास दाब लागतो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. दाब चढतच नसेल तर तो कुठेतरी निघून जातोय. रेलवरच्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हचा रिटर्न पाइप काढून भांड्यात धरा. सेल्फवर तिथून डिझेल येत असेल तर व्हॉल्व्ह गळतोय. मग प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न वेगवेगळ्या बाटलीत घ्या. पाच बाटल्यांत जेमतेम बोटभर आणि सहावी निम्मी भरलेली दिसली की कुठला इंजेक्टर काढायचा ते कळतं. संपूर्ण सेट बदलायची गरज नसते.

सेल्फवर दाब ठीक आणि लोडवर कोसळतो, असं असेल तर लो प्रेशर बाजूकडे, म्हणजे टाकीपासून हाय प्रेशर पंपापर्यंतच्या भागाकडे वळा. इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे: पारदर्शक पाइपचा तुकडा टूलबॉक्समध्ये कायम ठेवा. प्री-फिल्टर आणि फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) मधे तो लावा, इंजिन चालू करा, आरपीएम वाढवा आणि पाइपकडे बघत राहा. डिझेलमधून बारीक बुडबुड्यांची माळ जाताना दिसली तर गाडी हवा घेतेय. ती बहुतेक वेळा बॅन्जो बोल्टच्या (ज्यातून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) जुन्या वॉशरमधून, प्री-फिल्टरच्या वाटीच्या ओ-रिंगमधून किंवा हायवेवरच्या कुणीतरी कापून क्लिप मारलेल्या पाइपमधून येते. सक्शन बाजूला दाब वातावरणापेक्षा कमी असतो, त्यामुळे तिथली चीर डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत ओढते. म्हणूनच खाली ओल दिसत नाही आणि मिस्त्री फसतो. "सकाळी सेल्फ फार लांब मारावा लागतो, मग दिवसभर बरी चालते" ही तक्रार बरेचदा याच चिरेची असते, कारण रात्रीत डिझेल पाइपातून उतरून टाकीत परत गेलेलं असतं.

बुडबुडे नाहीत, तरीही दाब पडतो? टाकीतली जाळी आणि फिल्टर बघा. फिल्टर बदलताना नव्या फिल्टरमध्ये डिझेल ओतून तो बसवायची जुनी सवय सोडा. ते डिझेल गाळलेलं नसतं आणि मधल्या भोकात पडलं की थेट पंपाकडे जातं. हॅण्ड प्रायमर (हाताने डिझेल भरायचा पंप) त्यासाठीच दिलाय, तो मारा. हे सगळं झाल्यावर, फीडचा दाब मॅन्युअलप्रमाणे आहे हे गेजवर बघितल्यावरच पंपावर संशय घ्या.

इंजेक्टर बदललाच तर त्याच्यावरचा करेक्शन कोड (त्या इंजेक्टरच्या फवाऱ्यातला बारीक फरक सांगणारा नंबर) ईसीयूत टाका. तांब्याचा वॉशर नवा घ्या, आणि हाय प्रेशर पाइप पुन्हा वापरू नका असं कंपनीने सांगितलं असेल तर तिथे काटकसर नको.

चालू इंजिनावर पाइपचा नट सैल करणं

जुन्या इनलाइन पंपाच्या काळात मिसिंग, म्हणजे नीट न पेटणारा सिलिंडर, शोधायची हीच पद्धत होती. एकेका सिलिंडरचा नट सैल करायचा आणि आवाजात फरक पडतो का ते ऐकायचं. कॉमन रेलवर हे करणं जिवावर बेतू शकतं. रेलमध्ये १६०० ते २००० बारपर्यंत दाब असतो. त्या दाबाने निघालेली बारीक धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत जाते. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून मुलं कापसाने पुसून पुन्हा कामाला लागतात. काही तासांत हात सुजतो, आतलं मांस मरायला लागतं आणि बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं झालं तर कितीही किरकोळ वाटलं तरी लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की जास्त दाबाचं डिझेल आत गेलंय.

मिसिंग शोधायला स्कॅनरची सिलिंडर कट-आउट टेस्ट आहे, कॉम्प्रेशन टेस्ट आहे, त्या वापरा. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. इंजिन बंद केल्यावरही स्कॅनरवर दाब उतरलेला दिसल्याशिवाय पाना लावू नका. ITI तून नुकत्याच आलेल्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवलं पाहिजे.

डीईएफची तक्रार आली की नॉक्स सेन्सर मागवणं

"एससीआरची कार्यक्षमता कमी" हा कोड आला की नॉक्स सेन्सरची ऑर्डर जाते. थांबा आणि आधी टाकीचं झाकण उघडा. डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरिया आणि उरलेलं शुद्ध पाणी असतं. रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकला की प्रमाण कळतं. प्रमाण कमी असेल तर कुणीतरी पाणी घातलंय. वर तेलकट थर तरंगत असेल तर डिझेल पडलंय. काही ठिकाणी शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून भरतात. २०१५ पासून शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं लेपन सक्तीचं आहे. ते तेल आणि खतातली इतर घाण डोझिंग नोझल आणि कॅटॅलिस्ट दोघांचीही वाट लावते. अनुदानाचं खत असं वापरणं बेकायदा आहे, हेही मालकाला शांतपणे सांगा.

डीईएफ चांगलं निघालं तर डोझर (डीईएफ फवारणारा भाग) काढून स्कॅनरवरून डोझिंग टेस्ट करा. मोजपात्रात किती मिली आलं ते बघा, फवारा नीट पडतोय की एका बाजूला धार लागलीय तेही बघा. मग मिक्सिंग पाइपात बॅटरी मारून पांढरे खडे जमलेत का ते तपासा. जेएनपीए (पूर्वीचं जेएनपीटी) बंदराच्या रांगेत तासन्‌तास आयडलवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये हे जास्त होतं, कारण एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही आणि युरियाचं अमोनियात रूपांतर अर्धवट राहतं. मऊ खडे कोमट पाण्याने विरघळतात. सेन्सरच्या आधीचा एक्झॉस्टचा जोड गळतोय का तेही बघा. नॉक्स सेन्सरला अमोनियाही नॉक्ससारखाच दिसतो, त्यामुळे डोझिंग जास्त झालं तरी आकडा वाढतो. म्हणून सेन्सरचा नंबर शेवटी.

ड्रायव्हरलाही एक सवय लावा. चावी बंद केल्या केल्या बॅटरीचा कट-ऑफ स्विच पाडायचा नाही. इंजिन बंद झाल्यावर पंप लाइनमधलं डीईएफ परत टाकीत ओढून घेतो. ते व्हायच्या आत करंट तोडला तर डीईएफ लाइनमध्येच राहतं आणि सुकून खडे होतात. एक-दोन मिनिटं थांबायला सांगा, आणि त्या मॉडेलच्या ओनर मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तेवढा.

वायरिंग नुसत्या मल्टिमीटरच्या व्होल्टवर सोडून देणं

तारेचे सगळे पदर तुटून एकच उरला तरी मल्टिमीटर पूर्ण २४ व्होल्ट दाखवतो, कारण लोडच नसतो. पॉवर आणि अर्थिंगच्या तारेवर २१ वॅटचा बल्ब लावा. तो मंद पेटला की दोष सापडला. हा बल्ब सेन्सरच्या सिग्नलच्या तारांना मात्र कधीही लावू नका. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत सेल्फ मारताना व्होल्टेज ड्रॉप मोजा. तो अर्ध्या व्होल्टच्या पुढे जात असेल तर अर्थिंगचा पट्टा काढून घासा. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. दोघींची बेरीज बरी दिसते, पण सेल्फवर एक १२ व्होल्टवाली साडेनऊच्या खाली आपटत असते, आणि त्यातून कम्युनिकेशनचे भलभलते कोड येतात.

कॅन लाइन (ईसीयू ज्या दोन तारांवर एकमेकांशी बोलतात ती) तपासताना बॅटरी कट-ऑफ करून हाय आणि लो या तारांमधला रेझिस्टन्स बघा. तो साधारण ६० ओहम हवा. १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा मधली तार तुटलीय. शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. मीटरची जाड पिन कनेक्टरच्या टर्मिनलमध्ये खुपसू नका. टर्मिनल पसरतं आणि आधी नसलेला लूज काँटॅक्ट तयार होतो.

चॅसिसवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या केबल आणि ईसीयूचे कनेक्टर काढा.

काळा धूर म्हणजे टर्बो गेला?

आधी इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा भाग) होज पाइपांवर काळसर तेलकट डाग शोधा, मग रेग्युलेटर लावून कमी दाबाची हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा. बूस्ट सेन्सर (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब मोजणारा) चावी ऑन, इंजिन बंद असताना वातावरणाचाच दाब दाखवतो. पुण्यात साधारण ९५० मिलिबार, भिवंडीत हजारच्या आसपास. याहून फार वेगळा आकडा दिसला तर सेन्सर खोटं बोलतोय.

डीपीएफ वारंवार भरत असेल तर नुसतं रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) मारत बसू नका. डिफरन्शियल प्रेशर सेन्सरच्या दोन नळ्या तुटल्यात का, तुंबल्यात का ते बघा, आणि काजळी कुठून येतेय ते शोधा. डिपस्टिकही बघा, कारण अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनमुळे ऑइलमध्ये डिझेल उतरून पातळी वाढते. उभ्या गाडीचं रिजनरेशन मोकळ्या जागेतच करा. एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे खाली वाळलेलं गवत, कापूस किंवा पुसायची चिंधी नको.

गाडी तापते अशी तक्रार असेल आणि ती साखर कारखान्याच्या फेऱ्या मारणारी असेल, तर हेड गॅस्केटचं नाव काढण्याआधी इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बघा. उसाचं पाचट तिथे गादीसारखं बसलेलं असतं. हवा उलट बाजूने मारा, आणि पाण्याचा प्रेशर पंप जवळ धरून पाकळ्या वाकवू नका.

काम झाल्यावर रिकामी गाडी एक चक्कर मारून देणं

लोडवर येणारा दोष रिकाम्या गाडीत दिसत नाही. जमेल तेव्हा भरलेल्या गाडीची ट्रायल चढावर घ्या, सोबत एकजण स्कॅनरवर मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर, बूस्ट आणि डीपीएफचा दाब रेकॉर्ड करू दे. परत आल्यावर पेंडिंग कोड (अजून पक्के न झालेले) बघा. हे आकडे जॉब कार्डवर लिहा. पार्ट वॉरंटीत बदलला असेल तर जुन्या पार्टसोबत काढण्याआधीचे आणि बसवल्यानंतरचे दोन्ही आकडे जोडून पाठवा.